डब्यातली घुगरी

आमच्या घरात सकाळी सगळ्यात आधी जागी व्हायची ती याडीची घुगरी. याडी म्हणजे आई. शहरात घुगरी म्हटलं की लोकांना उकडलेले हरभरे आठवतात. आमच्या तांड्यावरची घुगरी चांदीची असायची. लग्न झालेल्या बाईच्या दोन्ही कानांपुढच्या केसांत ती गुंफून बांधायची, तिला खाली बारीक बारीक घुंगरं. याडी उठून चुलीपुढे बसली, की फुंकणीची फू आणि घुगरीची किणकिण असे दोन आवाज पाठोपाठ यायचे. मग भाकरी थापण्याचा तिसरा. गोधडीत पडल्या पडल्या मला कळायचं की आता तिनं मान वळवली, आता राख ओढली, आता ती माझ्याकडं बघतेय आणि उठावं लागणार. आमच्याकडं आत्याही राहायची, बाची मोठी बहीण. तिचा नवरा गेल्यावर तिची घुगरी उतरवली होती, त्यामुळे ती घरात कुठून कुठं गेली ते कुणाला कळत नसे. अचानक पाठीशी येऊन उभी राहायची आणि म्हणायची, "काय करून राह्यली वं पोट्टे?" मी दचकले नाही असा एक दिवस आठवत नाही. घरातलं आमचं बोलणं गोरबोलीतलं, म्हणजे आम्हा बंजाऱ्यांच्या भाषेतलं. ते मी इथं वऱ्हाडीत लिहितेय, कारण गोरबोली मला अजून कागदावर नीट बसवता येत नाही. साऱ्या तालुक्याशी मात्र आम्ही वऱ्हाडीतच भांडायचो, तेव्हा तीही परकी नाही.

आमचा तांडा बोरी अरबच्या वरच्या अंगाला, माळावर. आमच्या वाडवडिलांनी बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलखामागून मुलूख तुडवला. बाच्या वेळेला ते सगळं कधीच संपलं होतं, आणि सरकारकडून मिळालेल्या बरड जमिनीत आम्ही कापूस न् तूर पेरत होतो. जमीन मिळाली, पाणी मिळालं नाही. बायकांनी नाल्याच्या झऱ्यावर जायचं, वाटीवाटीनं घागर भरायची आणि चढ चढून यायचं. याडीच्या डोक्याला चुंबळीनं कायमचा खोलगटपणा आला होता, वेणी घालताना माझी बोटं तिथं अडकायची. म्हणून त्या वर्षी तांड्याची विहीर खणायचं ठरलं, आणि खाली उतरून सुरुंग लावायचं काम बानं आणि शेजारच्या सोमलाकाकानं अंगावर घेतलं. पहारीनं काळ्या पत्थरात भोक पाडायचं, त्यात दारू ठासायची, वात पेटवून दोरानं वर यायचं. धूर गेला की पुन्हा उतरून दगड टोपल्यांत भरायचे, आम्ही बायकापोरींनी ते वर ओढायचे. वर काळी माती, मग मुरूम, मग पत्थर. पत्थराच्या पोकळ्यांत पांढरे चकचकीत खडे निघायचे, ते आम्ही गजग्यासारखे खेळायचो.

पहिला आवाज आला तो दिवसाढवळ्या. पाऊसकाळ नुकताच सरला होता, तुरीला शेंगा धरत होत्या. मी शेंगा उकडायला टाकल्या होत्या. जमिनीच्या पोटातून, कुणीतरी रिकामी बैलगाडी दगडावरून पळवत न्यावी तसा आवाज गेला. उतरंडीच्या मडक्यांनी एकमेकांना टकटक केलं. मांजर उठून दाराबाहेर गेलं ते चार दिवस घरात आलं नाही, आणि माझ्या मते तेवढं शहाणं तांड्यावर दुसरं कुणी नव्हतं. आम्ही सगळे आधी आभाळाकडं बघत बसलो, मग बाच्या तोंडाकडं बघितलं, कारण आवाज म्हणजे त्याचाच सुरुंग असणार. पण बा तर दारात बसून विडी ओढत होता. त्यानंतर ते रोजचंच झालं. कधी नुसती गुरगुर, कधी पायाखाली एक गचका. सोमलाकाकाच्या घराची दगडी भिंत फुगली. लोकांनी बाजा अंगणात काढल्या, चुली अंगणात मांडल्या, आणि जेवताना सगळे जण घास विसरून जमिनीकडं कान लावून बसायला लागले.

आमचा नायक, म्हणजे तांड्याचा प्रमुख, वयानं थकलेला पण शब्दाला पक्का माणूस. त्याच्या शब्दापलीकडं तांडा जात नसे. त्यानं विहिरीच्या काठावर येऊन बाला वर बोलावलं.

"आपल्या बुढ्यायनं अशी हालनारी जागा कधी धरली नाई," तो म्हणाला. "जमीन हालली का बैल भरले न निंगाले. अन् तू तिच्या पोटात दारू ठासून राह्यला."

"निंगाले, कारन त्यायच्याजवळ जमीन नव्हती, नायक," बा म्हणाला. "माह्याजवळ हाये."

नायकानं पुनवेपर्यंतची मुदत दिली. तोवर विहिरीला पाणी लागलं तर तांडा राहील. नाही लागलं तर सगळ्यांनी नदीकाठच्या जुन्या जागी उठून जायचं, जिथं पाणी होतं पण वीतभर जमीन आमची नव्हती. बा पुन्हा दोराला धरून उतरला. याडीनं मात्र चंद्राकडं बघणं सोडलं. मी तिला एकदा बोट दाखवलं तर माझ्या हातावर फटका बसला.

त्याच आठवड्यात नागपूरहून एक साहेब जीपमधून आले. जमिनीचं शिकलेले होते. चेहऱ्यावर धूळ, गळ्यात हातोडी अडकवायची पिशवी. लोकांनी त्यांना घेरलं, तर ते आमच्या चुलीपाशी बसले, गुळाचा काळा चहा प्याले आणि टोपलीतल्या भाकरींकडं बघून म्हणाले, "तुमचा सगळा मुलूख असा रचलेला आहे." एके काळी इथं आग वाहत होती, असं त्यांनी सांगितलं. चित्रात असतो तसा तोंडातून धूर ओकणारा डोंगर इथं नव्हता. जमिनीलाच लांब भेगा पडल्या, आणि दूध उतू जावं तसा वितळलेला दगड बाहेर येऊन पसरला, थंड झाला. त्यावर पाऊसपाणी पडून माती झाली. मग कैक पिढ्यांनी दुसरी आग आली, तिनं ती माती भाजून तांबडी केली, आणि वर दुसरा काळा थर बसला. असं कितीतरी वेळा. मी भाकरींच्या चळतीकडं बघत राहिले. ज्या भुईवर मी चप्पल न घालता हिंडत होते ती कधीकाळी वाहत होती, हे ऐकून माझ्या तळपायांना खरंच चटका बसल्यासारखं झालं. आज इतकी वर्षं झाली, पुढं मी त्यावर मिळेल ते वाचलं, पण त्या चहाच्या वासातली ती गोष्ट जशी कळली तशी पुस्तकातली कधी कळली नाही.

आवाज सुरुंगाचे नाहीत, हेही त्यांनी नायकाला सांगितलं. पावसाचं पाणी खोल फटींत उतरतं, आतला दगड केसाएवढा सरकतो आणि गुरगुरतो. बहुतेक वेळा हळूहळू थांबतं. "पण विहिरीत उतरू नका," ते बाला म्हणाले. "खाली तांबडा थर लागेल. त्याला ओल आली की त्याच्यावरचा पत्थर सैल होतो. त्यात हादरा बसला तर कड आत येईल." बानं मान डोलावली. ती मान मला ओळखीची होती. आत्या त्याला औषध घे म्हणायची तेव्हाही तो अशीच डोलवायचा. साहेबांच्याही ते लक्षात आलं असावं, कारण निघता निघता ते याडीकडं वळून म्हणाले, "बाई, ते ऐकणार नाहीत असं दिसतं. मोठ्या हादऱ्याआधी कधीकधी बारीक बारीक येतात, आपल्या पायाला कळत नाहीत असे. काहीतरी हलकं, वाजणारं टांगून ठेवा. वाजलं की वर बोलवा. खात्री नाही, पण काहीच नसण्यापेक्षा बरं."

याडीनं आधी काचेच्या बांगड्या टांगल्या, त्या वाऱ्यानंच वाजत राहिल्या. मग बाटलीला खिळा बांधून पाहिला, तो जड पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जागी झाले तर फुंकणीची फू आली आणि त्यामागं नेहमीपेक्षा अर्धीच किणकिण. याडीनं डाव्या बाजूची घुगरी सोडली होती. तिनं ती घासलेटच्या रिकाम्या डब्यात दोऱ्यानं टांगली, वारा लागू नये म्हणून वर झाकण लावलं, आणि डबा विहिरीच्या काठावर उघड्या पत्थरावर नेऊन ठेवला. पत्थराला बोटानं टिचकी मारली तरी आतून बारीक किणकिण यायची. ती खूश झाली. इतकी खूश की आपण काय केलंय ते तिच्या ध्यानात आत्याचा चेहरा पाहून आलं.

"नवरा जिता हाये न घुगरी उतरवली?" आत्याचा आवाज चिरका झाला. "अवं, माही उतरवली तवा चार बायायनं माहे हात धरले होते. मी देत नव्हती. अन् तू आपल्या हातानं?"

"उतरवली नाई, बाई. कामाले लावली."

"घुगरीचं एकच काम रायते!"

तांड्यावर दिवसभर तेच. बायका नाल्यावर याडीपासून दोन हात लांब उभ्या राहिल्या. बाला तोंडावर कुणी बोललं नाही, पण ज्याची बायको त्याच्या जिवंतपणी घुगरी सोडते त्या माणसाकडं लोक जसे बघतील तसे त्याच्याकडं बघू लागले, जणू तो अर्धा गेलाच आहे. मला याडीचा भयंकर राग आला होता. तिच्या एका कानापुढच्या मोकळ्या केसांकडं मला बघवत नव्हतं. आत्यानं तर त्या डब्याकडं पाठ करून बसायचा नेम धरला. ती रोज विहिरीवर यायची, पण डब्याकडं तोंड करायची नाही.

आणि डबा फसवायचा. कुणाचं वासरू जवळून गेलं की वाजायचा. घागर आपटली की वाजायचा. दोनतीनदा याडीच्या हाकेसरशी बा आणि सोमलाकाका धापा टाकत वर आले आणि बघतात तर बकरी. लोक हसले. बाला हसू सहन व्हायचं नाही, घामानं निथळत तो म्हणाला, "आता तुह्या डब्यासाठी मी वर येनार नाई. सांगून ठेवतो." याडीनं विहिरीभोवती काट्या टाकल्या, जनावर फिरकू दिलं नाही, घागरी लांब ठेवायला लावल्या. पण बाचा शब्द गेला तो गेलाच.

पुनव दुसऱ्या दिवशी होती. नायक स्वतः काठावर येऊन दगडावर बसला होता, निरोप आणल्यासारखा. जेवणं आटोपली होती, ऊन सरळ विहिरीत उतरत होतं तरी तळ दिसत नव्हता, इतकी ती खोल गेली होती. खालून पहारीचा ठण्ण ठण्ण आवाज येत होता, आणि मग तो बदलला. ठण्ण जाऊन थप्प झाला. सोमलाकाका ओरडला, "तांबडी लागली! तांबडी!" काठावरची माणसं उभी राहिली. थोड्या वेळानं खालून बाचं हसणं ऐकू आलं. तो फार हसणारा माणूस नव्हता.

"ओल हाये! हाताले ओल लागून राह्यली! नायक, आयकलं का?"

नायकाचा हात डोक्यावरच्या पागोट्याकडं गेला. बायका एकमेकींकडं बघून हसल्या, आणि याडीचा चेहरा तेवढा पांढरा पडला. ओल. साहेबांनी जिचं नाव घेतलं होतं तीच. ज्या खुणेची बा वाट बघत होता तीच नेमकी भीतीची खूण होती, आणि काठावर हे कळलेल्या आम्ही दोघीच होतो. तेवढ्यात डबा वाजला.

फार बारीक. मी आजूबाजूला पाहिलं. जनावर नाही, घागर नाही, कुणी पाऊल उचललेलं नाही. सगळे जागच्या जागी उभे. मी म्हणाले, "याडी." तिनं हात वर करून मला गप्प केलं आणि पत्थरावर तळवा ठेवला. डबा थांबला. पुन्हा वाजला, या वेळी जरा जास्त वेळ. डब्याकडं पाठ करून बसलेली आत्या सावकाश वळली आणि तिनं पहिल्यांदा त्या डब्याकडं पाहिलं.

"वर या!" याडी विहिरीत वाकून ओरडली. "दोघंही वर या!"

सोमलाकाका भित्रा होता, देव त्याचं भलं करो. दोर हलला आणि तो वर आला. बा आला नाही.

"कालही वाजलाच होता तुहा डबा," खालून आवाज आला. "एवढं एक भोक पाडतो. उद्या पुनव हाये, कायले बोंबलून राह्यली?"

"अवो, बकरी नोहे हे! कोनी नाई इथं! या वर!"

ठण्ण. तो आता बाजूच्या पत्थरावर पहार मारायला लागला होता. डबा आता थांबतच नव्हता. मी ओरडले, सोमलाकाका ओरडला, नायकानं स्वतः हाक मारली. बा ज्याचा शब्द कधी मोडत नसे त्या माणसाची हाक, पण पहारीच्या आवाजात ती तळापर्यंत पोचली की नाही देव जाणे. मग मी याडीकडं पाहिलं तर ती ओरडत नव्हती. तिचे दोन्ही हात उजव्या कानापाशी होते. गाठ सुटेना तेव्हा तिनं घुगरी केसांसकट ओढली. कानाजवळून रक्ताची रेघ गालावर आली. आत्या "नको वं!" म्हणून धावली, पण तोवर याडीनं हात विहिरीवर धरून ती घुगरी खाली सोडून दिली होती.

चांदी पत्थराला आपटत, वाजत वाजत खाली गेली. पहारीचा आवाज बंद झाला. याडीच्या अंगावर आता एकही घुगरी नव्हती, आणि विहिरीतल्या माणसाला ते न बघताच कळलं असणार. तिला जे सांगायचं होतं ते सांगायला तिच्यापाशी दुसरं काही उरलं नव्हतं. आम्ही काठाला पालथे पडून खाली बघत होतो आणि दिसत काहीच नव्हतं, आमच्याच डोक्यांची सावली विहिरीत पडली होती. मग दोर ताणला. आणि खालून किणकिण यायला लागली. आधी फार दूरची, मग थोडी जवळची. थांबायची, धाप ऐकू यायची, पुन्हा यायची. दोन्ही हातांनी दोर धरावा लागतो, म्हणून बानं घुगरी दातांत धरली होती. माझ्या आयुष्यात मी इतकी कान लावून काहीही ऐकलेलं नाही. पुढं दवाखान्यात नर्स म्हणून मी कितीतरी बाळांचे ठोके ऐकले, तेव्हाही मला त्या विहिरीतली किणकिण आठवायची. हलतेय, चढतेय, म्हणजे आहे.

त्याचं डोकं काठाशी आलं तेव्हा नायकानं वाकून त्याच्या काखेत हात घातला आणि वर खेचला. दोघं आडवे झाले. कुणीतरी ओरडलं, "मागं व्हा!" आणि आम्ही चारपाच पावलं पळालो असू नसू, तोच भुई पायाखालून एकदा ओढून सोडल्यासारखी झाली. मी पडले. सुरुंगासारखा पण सुरुंगाहून लांबलचक आवाज आला आणि विहिरीची वरच्या अंगाची कड, डब्यासकट, आत गेली. धुळीचा लोट उठला. तो खाली बसला तेव्हा काठ जिथं होता तिथं ताजा तुटलेला काळा पत्थर दिसत होता, आणि त्याच्याखाली ओल्या तांबड्या मातीची पट्टी.

विहिरीचं पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते, कारण मला शेवट तिच्यावर करायचा नाही. दुसऱ्या दिवशी नायक येऊन त्या ओल्या पट्टीकडं बघत बसला आणि पुनवेचं नाव त्यानं काढलं नाही. गुरगुर हळूहळू कमी होत थांबली. आवाज बंद झाल्यावर सगळ्या तांड्यानं मिळून दगड उपसले आणि उन्हाळ्यात पाणी लागलं. तांडा अजून तिथंच आहे. दगडांत डबाही सापडला, चेपून भाकरीसारखा झालेला, आत घुगरी. ती आज माझ्याकडं आहे. मी यवतमाळात लोहाऱ्याच्या बाजूला राहते, खिडकीशी ती टांगलेली असते. कारखान्यांकडं जाणारा जड ट्रक गेला की ती वाजते, आणि मी, एवढं सगळं वाचलेली बाई, हातातलं टाकून दारापर्यंत जाते. सून हसते. हसू दे.

त्या दुपारी मात्र बा विहिरीपासून लांब जमिनीवर बसला होता. घुगरी अजून त्याच्या दातांतच होती, जबडा उघडत नव्हता. आत्यानं त्याचे गाल चोळले तेव्हा कुठं ती सुटून त्याच्या ओंजळीत पडली. त्यानं ती याडीपुढं धरली. याडीनं घेतली नाही. तिचा राग अजून उतरला नव्हता.

"ज्यानं वर आनली त्यानंच बांधावं," ती म्हणाली, आणि त्याच्याकडं पाठ करून बसली.

बायकांच्या घुगरीला पुरुष हात लावत नाही. नायक उठून दुसरीकडं बघू लागला. मग सगळेच दुसरीकडं बघू लागले, आणि मी बघत राहिले. बाची बोटं दारू ठासताना कधी हलायची नाहीत. आता ती तिच्या रक्तानं चिकटलेल्या केसांत नुसती चाचपडत होती. एक बट सुटायची, दुसरी निसटायची. आवाज न करता आत्या जवळ आली. नवरा गेल्यापासून तिनं कुणाच्या घुगरीला बोट लावलं नव्हतं, त्या दिवशीही लावलं नाही. ती त्या दोघांपाशी खाली बसली, मान वाकडी करून गाठ बघितली, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत असताना नेहमीच्या खरखरीत आवाजात बाला म्हणाली,

"सैल बांधून राह्यला. घट्ट कर. पुन्यांदा सुटली नाई पायजे."